दिवसाला शंभर कॉल आणि मधले बेचाळीस सेकंद

(या भागात जे बोलले त्याचा हा मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून थोडी काटछाट केली आहे, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलं आहे.)

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, किंवा चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल तर मग वेळच वेळ आहे, निवांत ऐका. मी राजगुरुनगरची, त्यामुळे तळेगाव चौकात अडकायचा अनुभव दांडगा आहे. अर्धे पॉडकास्ट मी तिथेच ऐकलेत.

आज बोलायचंय कॉल सेंटरमधल्या मुलींबद्दल. पगार किती, शिफ्ट कुठली, इंग्रजी किती लागतं, यावर यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत, ते मी करणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. दिवसभर अनोळखी माणसांचा राग ऐकायचा आणि तरी आवाज गोड ठेवायचा, हे काम आहे की स्वभाव? आणि काम असेल, तर त्यात समाधान कधी मिळतं आणि कधी माणूस आतून रिकामा होतो?

हा विषय मला दोन बाजूंनी माहीत आहे. एक म्हणजे मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि गेली चार वर्षं कॉल सेंटरला लागणाऱ्या सॉफ्टवेअरवरच काम करते. कॉल कुणाकडे वळवायचा, किती वेळ चालला, टीएलच्या स्क्रीनवर काय दिसायचं, ते सगळं. आणि दुसरी बाजू म्हणजे माझी मावसबहीण. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, मी ताईच म्हणते. ती पिंपरी-चिंचवडमध्ये एका कॉल सेंटरला सहा वर्षं आहे. आरोग्य विम्याची प्रोसेस, मराठी आणि हिंदी. कंपनीचं नाव सांगणार नाही. तिने आधीच दम दिलाय, "नाव घेतलंस तर बघ." पण बाकीचं तिला विचारून सांगतेय.

आधी माझ्या बाजूने. एका शिफ्टला किती मुली बसवायच्या, हे मॅनेजर मनाने ठरवत नाही. त्यामागे एक सूत्र आहे आणि ते शंभर वर्षांपूर्वीचं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा गणिती होता. त्याने १९०९ पासून यावर लिहायला सुरुवात केली, १९१७ मध्ये त्याची प्रसिद्ध सूत्रं आली. फोन कसे येत राहतात, रांग किती लांबते, किती माणसं लागतील, हे त्यातून काढता येतं. गंमत म्हणजे तुमचं व्हॉट्सअॅप ज्या प्रोग्रामिंग भाषेवर उभं राहिलं तिचं नावही एर्लांग, याच माणसावरून ठेवलेलं.

आता हिशोब करू. समजा नऊ तासांची शिफ्ट, त्यातला एक तास ब्रेकचा. उरले आठ तास, म्हणजे ४८० मिनिटं. मुलगी ८५ टक्के वेळ कॉलवर असावी असं टार्गेट धरलं, तर ४०८ मिनिटं. एक कॉल सरासरी चार मिनिटांचा धरा. झाले १०२ कॉल. उरलेली ७२ मिनिटं १०२ कॉलमध्ये वाटली, तर दोन कॉलच्या मध्ये मिळाले साधारण ४२ सेकंद. तेही सरासरी. दुपारी अकरा-बाराला कॉल बदाबदा येतात, तेव्हा चार सेकंदसुद्धा मिळत नाहीत.

या बेचाळीस सेकंदांत काय होणं अपेक्षित आहे? समोरच्याने आईवरून शिवी दिलेली विसरायची, पाणी प्यायचं, आणि पुढच्याला म्हणायचं, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" आवाजात हसू ठेवून. हो, हसू ऐकू येतं. ट्रेनिंगमध्ये खरंच सांगतात की चेहऱ्यावर हसू ठेवा, म्हणजे ते आवाजात उतरतं.

एर्लांगच्या सूत्रात माणूस म्हणजे एक खिडकी. खिडकी रिकामी झाली की पुढचा नंबर. आधीच्या कॉलने खिडकीला काय झालं, हे त्या गणितात येतच नाही. त्याची चूक नाही, तो रांगेचं गणित करत होता. पण आज आमच्या डेटाबेसमध्येही तेच आहे. ग्राहक किती चिडला होता याचा आता कॉलम असतो, मशीन आवाजावरून लाल-हिरवा रंग देते. ऐकणारीने किती गिळलं, त्याचा कॉलम मी अजून कुठल्या टेबलमध्ये पाहिलेला नाही.

या गिळण्याला नाव मात्र आहे. आर्ली हॉकशिल्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली 'द मॅनेज्ड हार्ट' हे पुस्तक लिहिलं, त्यात हा 'इमोशनल लेबर'चा मुद्दा मांडला. मराठीत आपण भावनिक श्रम म्हणू. डेल्टा एअरलाइन्सच्या हवाईसुंदरींचा त्यांनी अभ्यास केला होता. विमान म्हणजे आपल्या घरची बैठकीची खोली आणि प्रवासी म्हणजे घरी आलेला पाहुणा, असं समजा, असं त्या मुलींना शिकवायचे. म्हणजे नुसतं हसू चेहऱ्यावर चिकटवायचं नाही, आतून तसं वाटूनच घ्यायचं. पगारासाठी. त्याच पुस्तकात दुसरी बाजू होती वसुलीवाल्यांची. त्यांना उलटं शिक्षण, समोरच्यावर विश्वास ठेवू नका, दया दाखवू नका. गोड असो की कडक, दोन्हीकडे मनच कामाला लावलेलं.

जाता जाता, वसुलीचा विषय निघालाच आहे तर सांगते. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे कर्जवसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. तुम्हाला असे फोन येत असतील तर हे लक्षात ठेवा. आणि फोन करणारी मुलगी असेल तर तिच्यावर ओरडू नका, ती वेळ तिने ठरवलेली नसते.

बरं, या कामाला मुलीच का? याचं उत्तर टेलिफोनइतकंच जुनं आहे. अमेरिकेत सुरुवातीला एक्स्चेंजमध्ये तरुण पोरं ठेवली होती. ती ग्राहकांना उलट बोलायची, शिव्या द्यायची, मस्करी करायची. मग १ सप्टेंबर १८७८ ला बोस्टनमध्ये एमा नट नावाच्या तरुणीला ऑपरेटर म्हणून घेतलं, आणि थोड्याच वर्षांत हे बायकांचंच काम होऊन बसलं. बाई गोड बोलते, सहन करते, उलट बोलत नाही. हा 'गुण' म्हणून घेतला गेला, कौशल्य म्हणून नाही. आणि गुणाचे वेगळे पैसे कोण देतं? सुगरणीला कुणी ओव्हरटाइम देतं का?

आपल्या पुण्याकडे येऊ. टोरोंटो विद्यापीठातल्या किरण मीरचंदानी यांचं 'फोन क्लोन्स' नावाचं पुस्तक आहे, २०१२ चं. बंगळूर, दिल्ली आणि आपलं पुणे, इथल्या कॉल सेंटरमधल्या लोकांच्या शंभर मुलाखतींवर ते उभं आहे. त्यांचं म्हणणं असं की ही माणसं नुसती सेवा देत नाहीत, ती सतत 'खरं वाटण्याचं' काम करतात. अमेरिकन माणसाला आपल्यातलंच कुणीतरी बोलतंय असं वाटायला हवं, आणि तरी नक्कल पकडली जायला नको. उच्चार बदला, नाव बदला, तिकडचं हवामान माहीत असू द्या.

मी ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांचं बरं होतं गं. शिव्या त्या नॅन्सीला पडायच्या. माझं तर नाव पण खरं आणि भाषा पण खरी."

हा मुद्दा मला कुठल्या पुस्तकात मिळाला नव्हता. इंग्रजी प्रोसेसमध्ये एक मुखवटा होता. त्याचा त्रास होता, पण आडोसाही होता. मराठी प्रोसेसमध्ये फोनवरचा माणूस जुन्नरचा असतो, मंचरचा असतो, शिरूरचा असतो. चुलत्यासारखा बोलतो आणि चुलत्यासारखाच ओरडतो. "ए बाई, तुला काय कळतंय, साहेबाला दे फोन." मग ताई फोन टीएलकडे देते. टीएल तिच्यापेक्षा तीन वर्षांनी ज्युनिअर, पण पुरुष. तो तेच वाक्य बोलतो, अगदी शब्दाला शब्द, आणि समोरचा म्हणतो, "हां साहेब, ठीक आहे साहेब." ताई म्हणते, सुरुवातीला रडू यायचं, आता हसू येतं.

आणि भाषा? ती खरी, पण पूर्ण खरी पण चालत नाही. ट्रेनिंगमध्ये 'पानी'चं 'पाणी' करून घेतलं, 'आलती-गेलती' बंद केलं, 'तुम्ही'च्या जागी 'आपण'. एकदा एका म्हातारबाबांचा कॉल आला, बायको दवाखान्यात, बोलताना रडत होते. ताई स्क्रिप्ट सोडून आपल्या खेडच्या बोलीत बोलली, "बाबा, रडू नगा, मी बघते ना." माणूस शांत झाला. महिन्याच्या शेवटी क्यूएने तो कॉल काढला आणि मार्क कापले. कारण 'प्रमाण भाषा वापरली नाही'. आणि तेही दिलगिरीचं वाक्य राहिलं म्हणून अजून दोन.

आता समाधानाकडे येते, कारण मला वाटलं होतं ताई म्हणेल की घाण नोकरी आहे. ती तसं म्हणाली नाही. म्हणाली, "मला लोकांशी बोलायला आवडतं. लोकांचं काम झालं की आवडतं. मला फक्त दगडासारखं बसून सॉरी म्हणायचा वीट आलाय."

तिच्या प्रोसेसमधला सगळ्यात वाईट कॉल म्हणजे डिस्चार्जचा. पेशंट बरा झालाय, डॉक्टरने घरी जा म्हटलंय, पण कॅशलेसची शेवटची मंजुरी यायचीय. सकाळी दहापासून नातेवाईक बिलाच्या काउंटरवर उभे, संध्याकाळचे पाच वाजले. तो माणूस हेल्पलाइनला फोन करतो तेव्हा तो चिडलेला असणारच, मी असते तर मीही चिडले असते. ताईच्या स्क्रीनवर एवढंच दिसतं की विमा कंपनीने हॉस्पिटलकडे एक कागद मागितलाय आणि तो आलेला नाही. ती हॉस्पिटलला फोन करू शकत नाही. मंजुरी देणाऱ्या डॉक्टरांना फोन करू शकत नाही. ती फक्त म्हणू शकते, "आपला क्लेम प्रक्रियेत आहे, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत." अर्ध्या तासाने तोच माणूस परत फोन करतो, दुसऱ्या मुलीला कॉल लागतो, ती तेच म्हणते.

(इथे थांबून एक कामाची गोष्ट. विमा नियामक, म्हणजे आयआरडीएआयने, मे २०२४ च्या परिपत्रकात सांगितलंय की हॉस्पिटलने डिस्चार्जची विनंती पाठवल्यापासून तीन तासांत शेवटची मंजुरी द्यायची. उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जास्त पैसे लावले, तर ते विमा कंपनीने भरायचे. घरी कुणी अॅडमिट असेल तर हे माहीत असू द्या.)

रॉबर्ट कॅरासेक नावाच्या संशोधकाने १९७९ मध्ये एक साधी गोष्ट मांडली होती. कामाचा ताण नुसत्या जास्त कामाने येत नाही. मागणी जास्त आणि हातात अधिकार कमी, हे एकत्र आलं की माणूस पिचतो. मला ताईच्या नोकरीकडे बघताना हे शंभर टक्के पटतं. मी रात्री अकरापर्यंत बग शोधत बसते, दमते, पण कोड माझ्या हातात असतो. बदलता येतो. आणि बग माझ्या आईवरून बोलत नाही. ताईच्या हातात फक्त आवाज आहे. समोरच्याची आग विझवायला दिलंय काय, तर सॉरी.

म्हणून कंपन्या जेव्हा फ्लोअरवर योगा डे, स्ट्रेस मॅनेजमेंट आणि शुक्रवारी रंगीत कपडे वगैरे करतात, तेव्हा मला ते बाजूचं वाटतं. वाईट नाही, पण बाजूचं. जपानमध्ये सॉफ्टबँक कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलं की ते एक एआय बनवतायत, जे चिडलेल्या ग्राहकाचा आवाज मधल्या मध्ये मऊ करून ऑपरेटरला ऐकवेल. इंजिनिअर म्हणून मला भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ताई म्हणाली, "शिवी हळू आवाजात दिली तर शिवी नसते का? आणि त्याचं काम तर नाहीच झालं." त्यापेक्षा टोकियोचा दुसरा उपाय मला जास्त पटला. तिथे ग्राहकांनी कर्मचाऱ्यांना छळू नये असा स्थानिक कायदाच केलाय, १ एप्रिल २०२५ पासून तो लागू आहे. शिक्षा नाहीये त्यात, पण ग्राहक म्हणजे देव नाही, हे सरकारने लिहून दिलंय.

आपल्याकडे काहीच नाही असं नका समजू. २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा फक्त ऑफिसातल्या सहकाऱ्यांपुरता नाही. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या लोकांपासूनही सुरक्षितता देणं मालकाचं काम आहे, असं त्यात आहे. आता फोनवरचा माणूस घाणेरडं बोलतो, तेव्हा तो कामाच्या संपर्कात आलेलाच असतो ना? मी वकील नाही, पण माझं मत असं की 'कॉल कट केला तर मार्क जातील' हा नियम त्या कायद्याच्या उलट आहे. ताईच्या फ्लोअरवर आधी तीन वेळा ताकीद द्यायची आणि मग टीएलला विचारून कट करायचं. तीन वेळा! म्हणजे तीन वेळा ऐकायचं.

रात्रपाळीचंही थोडं बोलायला हवं. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातल्या एका बीपीओत काम करणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीचा, तिला न्यायला आलेल्या कॅबच्याच ड्रायव्हरने आणि त्याच्या मित्राने, गहुंज्याजवळ बलात्कार करून खून केला. फाशी झाली, पण अंमलबजावणीला एवढा उशीर झाला की २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ती पस्तीस वर्षांच्या कैदेत बदलली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. आमच्या घरी आजही कुणी 'नाइट शिफ्ट' म्हटलं की मावशी ती केस काढते. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सातपर्यंत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षेची सोय हवी आणि घराच्या दारापर्यंत गाडी हवी. दारापर्यंत, हा शब्द महत्त्वाचा. पण ताईच्या कंपनीची कॅब मोशीच्या पुढे येत नाही. मग 'संमती' कसली द्यायची? ती दिवसपाळीच घेते, रात्रीचा भत्ता सोडून देते, आणि पहाटेच्या गाडीने जाते.

घरी आल्यावर काय होतं, ते मावशीच्या तोंडून ऐकण्यासारखं आहे. "दिवसभर लोकांशी गोड बोलतीस, आमच्याशी बोलायला तोंड दुखतंय का?" मावशीचंही चूक नाही, पोरगी आल्या आल्या भिंतीकडे तोंड करून झोपते म्हटल्यावर आईला लागणारच. ताई म्हणते, आवाजच उरत नाही. घसा ठीक असतो, पण मायेने बोलायचा जो आवाज असतो तो दिवसाला ठरावीकच निघतो आणि तो लॉगआउटपर्यंत संपलेला असतो. मध्यंतरी एक स्थळ आलं होतं. मुलाची आई म्हणाली, "कॉल सेंटरवाल्या मुली बोलायला गोड असतात हो, घरात बरं पडतं." ताईने ते स्थळ नाकारलं. मी टाळ्या वाजवल्या.

या वर्षी तिला दोन पर्याय आले होते. एक क्यूए, म्हणजे दुसऱ्यांचे कॉल ऐकून मार्क द्यायचे. फोन बंद, शिव्या बंद. घरचे सगळे म्हणत होते ते घे. दुसरा एस्कलेशन डेस्क, म्हणजे सगळ्यात चिडलेले कॉल, पण तिथून हॉस्पिटलच्या विमा डेस्कला थेट फोन करता येतो आणि अडकलेली फाइल डॉक्टरांच्या रांगेत वर ढकलता येते. तिने एस्कलेशन घेतला.

आता तिला दिवसाला तीस-पस्तीस कॉल असतात. सगळे तापलेले. पण एखादा डिस्चार्ज दीड तासात होतो, माणूस परत फोन करून सांगतो की ताई, निघालो आम्ही घरी. परवा मला तिचा मेसेज आला रात्री, नुसता एवढाच, "आज सात." सात पेशंट घरी गेले. एखाद्या रिलीजनंतर मला जे वाटतं त्यापेक्षा हे मोठं आहे, हे मला मान्य करावं लागतं.

मात्र एक घोळ झालाय. तिचा इन्सेन्टिव्ह कॉलच्या संख्येवर बसवलेला होता, आणि एस्कलेशनला गेल्यावरही सूत्र तेच राहिलं. कॉल कमी, म्हणून महिन्याला दीड-दोन हजार कमी येतात. तिने एचआरला मेल केलाय, कॉल मोजू नका, सुटलेल्या फायली मोजा, म्हणून. तो मेल मीच तिला टाइप करून दिला, त्यात बेचाळीस सेकंदांचा हिशोबही घातला. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. आलं की सांगेन.

तोपर्यंत तुमच्यापैकी जे कुणी फ्लोअरवर आहेत, मुली असोत की मुलं, मला एक व्हॉइस नोट पाठवा. समोरचा शिव्या द्यायला लागला की तुमच्याकडे कॉल कट करता येतो का, किती वेळा ऐकल्यावर, आणि त्याचे मार्क जातात का? कंपनीचं नाव सांगू नका. पुढच्या भागात वाचून दाखवते.